क्ले शूटिंग, काडतूस आणि रिलोडिंग: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात बारा बोर बंदूक घराघरांना माहीत आहे. शेतराखणीची दुनळी कुठे आजोबांची असते, कुठे चुलत्यांची. पण त्याच बंदुकीच्या जातीतून उडत्या बश्या, म्हणजे क्ले, फोडायचा खेळ खेळता येतो, हे अलीकडे लोकांच्या कानावर पडू लागलंय. मी ट्रॅप, म्हणजे समोर दूर पळणार्‍या बश्या फोडायचा प्रकार, खेळतो हे कळलं की पहिले दोन-तीन प्रश्न संपतात आणि गाडी काडतुसावर येते. "परदेशात लोक काडतुसं घरी भरतात म्हणे, आपल्याला जमेल का?" याचं सविस्तर उत्तर इतक्या वेळा दिलंय की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

रिलोडिंग म्हणजे नेमकं काय?

बार झाल्यावर जी रिकामी पुंगळी उरते, तिचं प्लास्टिकचं अंग आणि पितळी बूड बहुतेक वेळा शाबूत असतं. खर्च झालेली असते ती बुडातली टोपी म्हणजे प्राइमर, दारू, वॅड आणि छर्रे. या चार गोष्टी पुन्हा भरून तोंड बंद केलं की काडतूस परत तयार होतं. यालाच रिलोडिंग म्हणतात. चांगल्या पुंगळीला असे बरेच फेरे सोसतात. मग तोंडाच्या पाकळ्या चिरायला लागतात आणि ती बाद होते.

काडतुसाच्या आत काय असतं? भरायचं नसेल तर हे कळून काय उपयोग?

उपयोग फार आहे. बंदूक निवडताना लोक महिना घालवतात आणि काडतूस दुकानदार देईल ते घेतात. बशी फोडतो तो छर्रा, हे विसरून कसं चालेल?

बुडाच्या मध्यभागी टोपी असते. चाप ओढला की पिन तिच्यावर आदळते, ठिणगी दारूत जाते. दारू बिनधुराची असते. तिचा स्फोट होत नाही, ती अत्यंत वेगाने जळते, आणि त्या जळण्याचा वायू पुढचा सगळा माल ढकलतो. दारूवर वॅड बसतो. जुन्या काळी तो नमद्याचा किंवा पुठ्ठ्याचा असे, आता बहुतेक प्लास्टिकचा कप असतो. त्याचं खालचं तोंड वायूला मागेच अडवतं, मधला भाग चेपून धक्का जरा सौम्य करतो आणि वरचा कप छर्‍यांना नळीच्या भिंतीवर घासू देत नाही. घासलेला छर्रा चपटा होतो आणि चपटा छर्रा वाट सोडतो. सगळ्यात वर तारेसारखी दुमडलेली सहा किंवा आठ पाकळ्यांची घडी असते, तिला क्रिंप म्हणतात. ती नुसती झाकण नाही. दारू नीट पेट घेईपर्यंत माल धरून ठेवण्याचं काम तिचंच. क्रिंप ढिली असेल तर बार मऊ येतो, कधी आवाजही वेगळा लागतो.

हे सगळे भाग एकमेकांच्या भरवशावर चालतात. एकच बदलला, समजा दारू तीच ठेवून वॅड दुसरा घातला, तरी नळीतला दाब बदलतो. किती बदलला ते डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून परदेशातले जाणते लोकसुद्धा छापील तक्त्यातली जोडणी जशीच्या तशी वापरतात, स्वतःचं डोकं चालवत नाहीत.

परदेशात लोक इतकी उठाठेव का करतात?

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा हे काम शेजारी बसून पाहिलं. गॅरेजात लाकडी टेबलाला एक हाताने चालवायचं यंत्र बोल्टने आवळलेलं. पहिल्या ठिकाणी दांडा ओढला की जुनी टोपी टक्कन खाली पडते आणि पितळी बूड पुन्हा मापात येतं. पुढच्या ठिकाणी नवी टोपी बसते. मग वरच्या बाटलीतून मापलेली दारू उतरते, वॅड दाबला जातो, आणि छर्रे पडतात तेव्हा पत्र्याच्या मापात ज्वारी ओतावी तसा आवाज येतो. शेवटच्या दोन ठिकाणी पाकळ्यांना आधी घडी पडते, मग तोंड मिटतं.

माझ्या लक्षात राहिलं ते त्याचं वागणं. टेबलावर एकाच जातीच्या दारूचा डबा, दुसरा डबा खोलीतही नाही. फोन घरात ठेवलेला. थोड्या थोड्या वेळाने एक माप काट्यावर ठेवून वजन बघायचा. मध्येच त्याला शंका आली की बाटलीतून दारू अडकत उतरतेय. त्याने तेवढा वेळ भरलेली सगळी काडतुसं बाजूच्या डब्यात टाकली. मी म्हटलं, "एवढ्यासाठी सगळी?" तो म्हणाला, "यातलं कुठलं अर्धं भरलंय ते मला सांगता येत नाही, म्हणून सगळी."

भरण्यामागची कारणं दोन. एक पैसा, कारण पुंगळी फुकट राहते. पण बारा बोरच्या साध्या काडतुसात हल्ली तिकडेही फार बचत होत नाही, खरी बचत 28 बोर आणि .410 सारख्या महाग मापांत होते. दुसरं कारण हलका बार हवा असणं. खांद्याचं दुखणं असलेल्या माणसाला किंवा नव्या मुलाला कमी धक्क्याचं काडतूस दुकानात मिळेलच असं नाही. आणि तिसरं कारण मी माझ्या मनाचं सांगतो: हाताने केलेल्या वस्तूवर जीव जडतो. तो आनंद खरा आहे, मी तो त्याच्या चेहर्‍यावर पाहिलाय.

मग आपल्याकडे घरी भरता येतात का?

नाही. इथे मला अजिबात आडपडदा ठेवायचा नाही.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे, तो बंदूक आणि ठरावीक काडतुसं बाळगण्याचा. बनवण्याचा नाही. शिवाय त्याच कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे "मी अजून एकही भरलं नाही, फक्त यंत्र आणि टोप्या आणून ठेवल्यात" हा बचाव होत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. दारूसाठी स्फोटकांचे कायदे आणखी वेगळे.

कुणी इंटरनेटवरून यंत्र मागवून देतो म्हणाला, कुणी ओळखीने टोप्या मिळवून देतो म्हणाला, तर सरळ नको म्हणा. एका छंदापायी परवाना, खेळ आणि घरच्यांची झोप घालवू नका.

आमचे आजोबा पितळी काडतुसं घरीच भरायचे. तेव्हा चालत होतं, मग आता काय झालं?

आमचे आबाही भरायचे. माळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी होती: जड पितळी पुंगळ्या, लाकडी ठासणी, पुठ्ठ्याच्या कापलेल्या चकत्या, तोंड बंद करायला मेण. ज्वारीत रानडुकरं घुसायची तो काळ. ती दारू काळी, धुराची. काळ्या दारूत माप थोडं इकडेतिकडे झालं तरी बहुधा निभावून जायचं, कारण ती तेवढ्या जोराची नसते.

धोका झाला तो बिनधुराची दारू आल्यावर. ती आकाराने तेवढीच घेतली तर कितीतरी पट जोर करते. आमच्या गावातल्या एका काकांनी जुन्याच मापाने नवी दारू भरली आणि नळी घोड्याजवळ फुटली. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. मी लहानपणी तो हात पाहिलाय, विडी धरताना तो वेगळाच दिसायचा. त्या दिवसापासून आबांनी पेटी उघडली नाही. कुणी विषय काढला की एवढंच म्हणायचे, "ते बंदूकनं काम शे भाऊ, जपीसन कर."

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल आणि परवानाधारक हयात नसेल, तर ती तशीच ठेवू नका. जुनी काडतुसं आणि बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा, पोच घ्या. वारसाच्या नावाचा अर्ज नंतर करता येतो.

भरता येत नाही, तर नेम सुधारायला हाती काय उरलं?

भरपूर उरलं. रिलोडिंग करणारा माणूस ज्या गोष्टीच्या मागे असतो ती म्हणजे प्रत्येक बार सारखा येणं. ते तुम्ही कारखान्याच्या काडतुसातूनही साधू शकता. एकाच कंपनीची, एकाच लॉटची काडतुसं घ्या, खोक्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा आणि सरावाला एक आणि स्पर्धेला दुसरं काडतूस असं करू नका. मग नळीचा आणि काडतुसाचा मेळ कागदावर बघा.

त्याची रीत अशी. रेंजवर परवानगी घेऊन चार फूट बाय चार फुटाचा कागद लाकडी चौकटीला ताणून लावायचा, मध्ये ठिपका. 40 यार्डांवरून, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवरून, एक बार. मग जिथे छर्रे सर्वांत दाट पडलेत त्याभोवती 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. मी पेन्सिलीने प्रत्येक भोकावर रेघ मारतो, नाहीतर दोनदा मोजली जातात. काडतुसातल्या एकूण छर्‍यांशी भाग दिला की टक्के निघतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण. फुल चोकला साधारण 70, मॉडिफाइडला 60, इम्प्रूव्ड सिलिंडरला 50 आणि उघड्या नळीला 40 टक्के हा ढोबळ आडाखा. एका कागदावर निष्कर्ष काढू नका, निदान पाच कागद फोडा.

माझ्या पहिल्या पाच कागदांवर टक्के ठीक होते, पण दाट भाग ठिपक्याच्या डावीकडे वीतभर सरकलेला. वर्षभर मी "बशी उजवीकडे निसटते" म्हणून स्वतःला बोल लावत होतो. खरा दोष दस्त्याच्या मापात होता, गाल नीट बसत नव्हता. दस्ता बेतून घेतल्यावर दुसर्‍या महिन्यात फरक दिसला. कुठलंही भरलेलं काडतूस ही गोष्ट सुधारू शकलं नसतं.

24 ग्रॅमचंच काडतूस का? 32 ग्रॅम घेतलं तर जास्त छर्रे नाहीत का?

जास्त छर्रे आहेत, पण आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात बसत नाहीत. पूर्वी 32 ग्रॅम चालत, मग 28 झाले, आता ट्रॅप आणि स्कीट (आडव्या जाणार्‍या बश्यांचा प्रकार) दोन्हीला 24 ग्रॅम छर्‍यांची मर्यादा आहे. छर्‍याचा व्यास 2.6 मिलिमीटरच्या वर नको. आणि धक्क्याचा विचार करा. ट्रॅपची प्राथमिक फेरी 125 बश्यांची. दोन दिवसांच्या स्पर्धेत खांद्याने किती सोसायचं? थकलेला खांदा चापाआधीच आकसतो आणि बशी हसत निघून जाते.

किती नंबरचा छर्रा घ्यावा?

ट्रॅपला साडेसात, स्कीटला नऊ. ट्रॅपमध्ये बशी तुमच्यापासून दूर पळते आणि साधारण 30 ते 35 मीटरवर फुटते, तिथे जोर टिकवायला 2.4 मिलिमीटरचा छर्रा लागतो. 24 ग्रॅममध्ये असे सुमारे 300 बसतात. स्कीटमध्ये बशी जवळून, आडवी जाते. तिथे 2 मिलिमीटरचे पाचशेच्या आसपास छर्रे पसरून लागले तर बरं.

बशीचा व्यास 110 मिलिमीटर, वजन साधारण 105 ग्रॅम. जेवणाच्या वाटीपेक्षा फार मोठी नाही, हे लक्षात घेतलं की दाट पसरणीचं महत्त्व कळतं.

आपल्या उन्हाळ्यात काडतुसं कशी ठेवावीत?

भुसावळ-जळगावचा मे महिना म्हणजे 45 अंशांच्या पुढची गोष्ट, आणि बंद गाडीची डिकी त्याहूनही तापते. काडतुसं गाडीत विसरू नका. तापलेल्या दारूचा दाब वाढतो, आणि वारंवार तापून निवून ती खराबही होते. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, कुलपात, बंदुकीपासून वेगळी ठेवा. पत्र्याच्या छताखालची माळवदावरची खोली नको. पावसाळ्यात पुठ्ठ्याचं खोकं ओल धरतं आणि पितळी बुडाला हिरवट डाग येतात, असं काडतूस वापरू नका.

बश्यांनाही ऊन सोसत नाही. त्या चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांच्या असतात. उन्हात ठेवलेली चळत एकमेकांना चिकटते आणि मग यंत्रातून दोन-दोन निघतात किंवा तुकडे होऊन.

बार फुसका आला तर काय करायचं?

थांबायचं. हा भाग कृपया दोनदा वाचा.

आवाज दबका आला, धक्का नेहमीसारखा बसला नाही, तर वॅड नळीत अडकलेला असू शकतो. बंदूक रेंजच्या दिशेला धरून थोडा वेळ तशीच ठेवा, मग उघडा, रिकामी करा आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. उजेड दिसल्याशिवाय पुढचं काडतूस नाही. कारखान्याच्या काडतुसातही असं क्वचित होतं, घरी भरलेल्यात जास्त. मावसभावाने ती सगळी काडतुसं बाजूला टाकली, त्याचं कारण हेच.

दुसरा धोका 20 बोरच्या काडतुसाचा. ते बारा बोरच्या नळीत आत घसरतं आणि पुढे जाऊन अडकतं. मागून बघितलं तर जागा रिकामी दिसते. त्यावर बारा बोरचं काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते. म्हणूनच 20 बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत आहे. घरात दोन्ही बोरच्या बंदुका असतील तर एकाच पट्ट्यात किंवा एकाच खिशात दोन्ही काडतुसं कधीही ठेवू नका.

छर्रे शिशाचे असतात. त्याचा त्रास होतो का?

होतो, हळूहळू. 100 बार म्हणजे 2.4 किलो शिसं. हाताला लागलेली पूड जेवणातून पोटात जाते. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावू नका, तंबाखू-गुटखा तर नाहीच. घरी आल्यावर जाकीट लहान मुलांच्या कपड्यांत टाकू नका. पुंगळ्या उचलून आणा, पण मुलांच्या खेळण्यात देऊ नका.

आमची दहा एकर केळीची बाग आहे. मागच्या पडीक तुकड्यात क्ले उडवल्या तर चालेल का?

कळकळीने सांगतो, नको. साडेसातचा बारीक छर्राही दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो. सुरक्षित पट्टा त्याहून बराच मोठा, निदान 275 ते 300 मीटर मोकळा लागतो. रावेर-यावलकडे एवढी मोकळी दिशा कुठे आहे? पलीकडे कुणीतरी पाणी देत असतो, घड कापत असतो. पडलेलं शिसं जमिनीतच राहतं. शिवाय शेतराखणीच्या परवान्यावर खेळाचा सराव करणं परवान्याच्या हेतूत बसत नाही.

वरणगावला तर काडतुसांचा कारखाना आहे. तिथून मिळणार नाहीत का?

हा प्रश्न भुसावळकर हमखास विचारतात, आणि त्यामागचा अभिमान मला समजतो. पण वरणगावच्या आयुध निर्माणीत सैन्याच्या छोट्या शस्त्रांचा दारूगोळा होतो. बारा बोरची देशी काडतुसं खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून येतात. ती फॅक्टरी 1869 पासूनची आहे. तीही थेट दारातून मिळत नाहीत. परवानाधारक विक्रेत्याकडे, परवान्यावर नोंद करूनच घ्यायची. क्लेसाठी बरेच नेमबाज आयात काडतुसं वापरतात.

सुरुवात कुठून करायची? खानदेशात ट्रॅप रेंज आहे का?

बंदूक विकत घेऊन सुरुवात करू नका. आधी जिल्ह्याच्या रायफल संघटनेत नाव घाला, तिथे एअर रायफलवर शिस्त शिका, मग राज्य संघटनेमार्फत शॉटगनकडे वळा. वरची संस्था नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, 1951 ची. तिच्या स्थापनेमागे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर होते. त्यांच्याच नावाची मावळंकर स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी आहे. एका मराठी माणसाचं नाव देशातला प्रत्येक नेमबाज घेतो, हे मला दर वेळी आवडतं.

ट्रॅपसाठी मात्र प्रवास करावा लागतो. दिल्लीची डॉ. कर्णी सिंग रेंज 1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली आहे. भुसावळहून जवळ पडतं ते भोपाळ, तिथे मध्य प्रदेशच्या अकादमीची शॉटगन रेंज आहे. पंजाब मेल दोन्ही गावांवरून जाते. बंदूक आणि काडतुसं घेऊन निघण्यापूर्वी प्रवासाचे नियम, परवान्याची क्षेत्रमर्यादा आणि रेंजचं पत्र या तिन्हींची खात्री करा. फलाटावर समजावत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

हा खेळ श्रीमंतांचाच आहे ना?

स्वस्त नाही, खोटं कशाला बोलू. एका सरावात 100 काडतुसं सहज जातात, वर बश्यांचे पैसे आणि प्रवास. मी महिन्यातून एकदाच रेंजवर जातो. बाकीचे दिवस रोज वीस मिनिटं घरात रिकामी, दोनदा तपासलेली बंदूक खांद्याला लावायचा आणि भिंतीच्या रेषेवरून नळी फिरवायचा सराव करतो. त्याला एकही काडतूस लागत नाही, आणि माझे गुण सर्वांत जास्त त्याच सरावाने वाढले. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये (एकाच वेळी दोन बश्या) ऑलिंपिक रौप्य घेतलं तेव्हा आमच्याकडे या खेळाचं नावही फारसं कुणाला माहीत नव्हतं. आज निदान प्रश्न तरी विचारले जातात.

मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला शिकायचंय. वय लहान नाही का?

स्वतःच्या नावावर परवाना 21 वर्षांशिवाय मिळत नाही, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर शिकायची सोय कायद्यात आहे. तिला आधी वर्षभर एअर रायफल करू द्या. शॉटगनला आणाल तेव्हा मोठ्या माणसाची लांब दस्त्याची बंदूक हातात देऊ नका. दस्ता लांब असला की ती मागे झुकते, धक्का दंडावर बसतो, आणि दुसर्‍या बाराला ती डोळे मिटते. दस्ता तिच्या मापाचा, काडतूस मिळेल तितकं हलकं, आणि पहिल्या दिवशी दहा बारांच्या वर नाही. ती आणखी मागेल. तरी दहाच.